तारव्वाचा तवा

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की लोक ठरलेलेच प्रश्न विचारतात. चप्पल आणली का, मटण खाल्लं का, अंबाबाईचं दर्शन झालं का. आम्ही ख्रिस्ती आहोत हे जिला पुरतं ठाऊक आहे ती आमची शेजारीण सुद्धा शेवटचा प्रश्न विचारतेच, आणि मला त्याचा राग येत नाही. प्रेमाने विचारते बिचारी. तर चप्पल आणली नाही. मटण खाल्लं, त्याचं सांगते. दर्शनाचं असं आहे की तो विषय माझ्या आधी रिक्षावाल्यानेच काढला.

शुक्रवार, कोल्हापूर

स्टँडवर उतरले तेव्हा ऊन नुकतं कुठे चढत होतं. नगरहून निघताना घातलेला स्वेटर काढून पिशवीत कोंबते आहे तोवर एक रिक्षावाला पुढ्यात हजर. "मावशी, आईच्या दर्शनाला व्हय?"

"नाही बाबा. शिवाजी पेठेत सोड."

"आनि दर्शन?"

"आम्ही चर्चवाले."

त्याने क्षणभरच विचार केला. "मग काय झालं? आई ती आईच की!" आणि रिक्षा चालू केली.

पेठेत पोचेपर्यंत त्या एका वाक्याने माझं डोकं पार भंडावून सोडलं. या शहराची मालकीणच बाई. रस्त्याने जाताना दुकानांवर, रिक्षांवर, तालमीच्या भिंतीवर, जिथे बघावं तिथे आई. आणि आमच्याकडे? आमच्या नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एकदा मी प्रार्थनेची सुरुवात 'हे आमच्या बापा, हे आमच्या आई' अशी केली होती. एका वडीलधाऱ्या पंचांना जो खोकला लागला तो आमेनपर्यंत थांबला नाही. नंतर पंधरा दिवस घरोघर तीच चर्चा, सुधाबाई रिटायर झाल्यापासून बिघडल्या म्हणून. अहो, आई जशी लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन असं देव स्वतः सांगतो, कोंबडी पिलांना पंखाखाली घेते तसं मला करायचं होतं असं प्रभू म्हणतो, हे काय मी घरी बसून लिहिलं? देव पुरुष नाही की बाई नाही, हे आमचे पाळकसुद्धा मान्य करतात. मान्य करून झालं की पुन्हा बाप म्हणतात.

असो. मी मुळात निघाले होते ती माझ्या भाचीसाठी. रूथ माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ईश्वरविज्ञानाची पदवी घेतलेली, वर्गात पहिली आलेली. गडहिंग्लजकडच्या एका लहानशा गावात, ऊसवाल्यांच्या आणि शेतमजुरांच्या मंडळीत, चार वर्षं सेविका म्हणून काम करते. जुने पाळक निवृत्त झाल्यावर त्यांचं सगळं काम तिच्यावर आलं. फक्त पद आलं नाही. उपदेश तिचा, आजाऱ्याच्या उशाशी ती, मयताला ती. पण बाप्तिस्मा द्यायला आणि प्रभुभोजनाची भाकर मोडायला महिन्यातून एकदा शहरातून पाळकसाहेब येणार. का? तर रूथला पाळकपदाची दीक्षा नाही. दीक्षा मिळायची तर आधी गावच्या मंडळीने ठराव करून वर विनंती पाठवायची. तो ठराव या रविवारी, सुगीच्या सणाच्या दिवशी, मताला येणार होता. झाला नाही तर रूथची नेमणूक संपणार आणि तिच्या जागी दीक्षा झालेला कुणीतरी पाळक येणार. ती तिथून जाणार, इतकं ते सरळ होतं.

शहरात थोडी खरेदी होती म्हणून ती मला शिवाजी पेठेतच भेटली, एका खानावळीच्या दारात. आधी मिठी मारली, मग म्हणाली, "मावशी, केवढी बारीक झालीस!" मी मुळीच बारीक झाले नव्हते. पोरगी घाबरली की गोड बोलते, लहानपणापासूनची खोड.

समोरच्या मैदानातून फुटबॉलवाल्या पोरांचा आरडाओरडा येत होता. आमच्या पुढ्यात ताट आलं. पांढरा रस्सा मी सरबतासारखा प्याले आणि फुशारकीने तांबड्याची वाटी तोंडाला लावली. नगरकर म्हणून मला तिखटाचा अभिमान आहे. होता, म्हणूया. डोळ्यांतून धारा, कानांतून वाफा. मालक गल्ल्यावरून ओरडला, "पावण्यांस्नी दही द्या रं!" आणि अख्खी खानावळ वळून बघायला लागली.

दही खात खात मी रूथला म्हटलं, "हं, सांग. विरोध कुणाचा?"

"शांतवन आण्णा म्हणतात, शास्त्रात बसत नाही." शांतवन आण्णा म्हणजे तिथल्या पंचकमिटीचे मुख्य, बऱ्यापैकी ऊस असलेला माणूस. "तसे वाईट नाहीत गं. माझ्या खोलीचं छप्पर त्यांनीच शाकारून दिलं. पण मत मागितलं की खाली बघतात."

"शास्त्राचं मी बघते," मी म्हटलं. पिशवीत टिपणांची जाडजूड फाईल होती. बाईने मंडळीत गप्प बसावं हे प्रेषिताचं वचन कुणाला, कधी आणि कुठल्या भांडणात लिहिलं. त्याच प्रेषिताने दुसऱ्या पत्रात एका सेविकेची कशी शिफारस केली. प्रभूच्या रिकाम्या कबरेची बातमी पहिल्यांदा बायकांनी कशी आणली आणि पुरुषांनी ती कशी बाष्कळ ठरवली. सगळं क्रमवार. महिना मोडला होता मी त्यावर.

रूथ ताटाकडे बघत होती. "मयताला मी चालते मावशी. गेल्या पावसात ओढ्याला पाणी असताना कमरेएवढ्या पाण्यातून पेटीबरोबर गेले, तेव्हा चालले. प्रभुभोजनाच्या मेजापाशी तेवढी चालत नाही." तिचे डोळे भरले होते, आणि ते रश्श्याने नव्हते.

शनिवार, गाव

गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल, आणि मला तिथे पुन्हा जायचं आहे.

एसटीने गडहिंग्लज, तिथून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपने गाव. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, त्यामुळे चार हात पलीकडचं काही दिसत नाही. बोली ऐकताना मात्र मजा येते. आपल्याकडे जिला काकू म्हणतील ती इथे अव्वा, मोठी बहीण अक्का. मराठी बोलता बोलता माणसं अशी सहज कानडीच्या अंगणात पाय ठेवून परत येतात. वेशीवरच्या लोकांचं बरं असतं.

देऊळ (इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, आमच्याकडेही जुनी माणसं म्हणतात) कौलारू, बसकं, दारात चिंच. आत बायका डाव्या अंगाला आणि पुरुष उजव्या अंगाला. शनिवारी दुपारी मात्र दोन्ही बाजूंना बायकाच होत्या, कारण झाडलोट होती. सुगीच्या सणाला देऊळ सजवायचं ते बायकांनी. उसाची मोळी खांबाला बांधायची, भाताच्या लोंब्यांची तोरणं करायची, भुईमुगाचे वेल मेजापुढे मांडायचे. पुरुष उद्या इस्त्रीचे कपडे घालून येणार. यात आमच्या नगरात आणि इथे तसूभरही फरक नाही.

या बायकांची मुख्य तारव्वा. सत्तरीच्या पुढची, काटक, डोईवरचा पदर जागचा हलत नाही. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, एकटी राहते. तिचा मान असा की प्रभुभोजनाची भाकर तिने भाजायची. भाकर म्हणायची पद्धत, असते गव्हाची जाड पोळी, खमीर नसलेली. त्यासाठी तिच्या घरी वेगळा तवा खुंटीला टांगलेला आहे. त्या तव्याला दुसरं कुणी शिवत नाही. तिच्या आधी तो तिच्या सासूकडे होता, आणि नेम सासूनेच घालून दिलेला. पाळी गेलेल्या बाईनेच ते पीठ मळायचं आणि तिनेच तव्यावर टाकायचं.

हे मला माहीत नव्हतं. रूथला माहीत होतं, पण चार वर्षांत ते इतकं सवयीचं झालं होतं की सांगायचं तिला सुचलंच नाही.

काम संपल्यावर बायका शेंगा फोडत बसल्या आणि मी फाईल काढली. मस्त बोलले, माझ्या मते. प्रेषिताचं पत्र झालं, सेविकेची शिफारस झाली, कबर झाली. बायकांनी शेंगा फोडत फोडत सगळं ऐकलं, योग्य जागी 'व्हय की' म्हटलं. मी फाईल मिटली तशी तारव्वा म्हणाली, "लई चांगलं बोललासा बाई. पर आमचं त्ये न्हवंच."

"मग काय?"

तिने आधी दाराकडे बघितलं, कुणी पुरुष नाही ना म्हणून. "म्हैन्याला चार दिस कावळा शिवतोय. त्या दिसांत ही मेजापाशी कशी हुबारायची? भाकरीला हात कसा लावायची?"

शेंगा फोडायच्या थांबल्या. कुणी कुणाकडे बघेना. म्हणजे हे होतं तर! पंचकमिटीत ज्याला 'शास्त्रात बसत नाही' म्हणतात, ते मुळात प्रेषिताच्या पत्रातलं नव्हतंच. आमच्या आज्या-पणज्या बाप्तिस्मा घेऊन आल्या, कुंकू पुसलं, देव्हारा सोडला. विटाळ तेवढा पदराला बांधून बरोबर आणला. पुरुषांना तो तोंडाने बोलायची लाज वाटते, म्हणून ते प्रेषिताचं नाव पुढे करतात. नगरात आम्ही सुधारलेल्या म्हणवतो, पण आमच्याकडेही अडचण असली की प्रभुभोजनाच्या रविवारी 'डोकं दुखतंय' म्हणून घरी बसणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

मी काही बोलायच्या आत रूथ म्हणाली, "तारव्वा, मला कालपासून आलीय."

बायकांच्या माना झटकन वर आल्या, पण रूथ बोलतच राहिली.

"मगाशी मार्थावहिनींच्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली ती तशीच केली. तुमच्या गुडघ्याला तेल लावलं ते तसंच. चार वर्षांत हे कितीदा झालं असेल? कुणाचं वाईट झालं का, सांगा."

मार्थावहिनी, म्हणजे शांतवन आण्णांची बायको, तिने मांडीवरच्या नातवाला नकळत जवळ ओढलं. मग स्वतःच्याच लक्षात आलं आणि ओशाळून हात सैल केला.

मी म्हटलं, "ती बारा वर्षं रक्त जाणारी बाई आठवते ना? गर्दीत मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवली ती?"

"न आठवाय काय झालं. बरी झाली ती," तारव्वा ठसक्यात म्हणाली. "बरी झाली म्हंजे मिटलं की."

"पण शिवली तेव्हा बरी नव्हती," रूथ म्हणाली.

"आणि तो विटाळला म्हणून आंघोळीला गेला नाही," मी पुढे म्हटलं. "तसाच निघाला. एका सरदाराच्या घरी, जिथे त्याची मुलगी मरून पडली होती. तसाच आत गेला आणि तिचा हात धरला."

 तारव्वाच्या मुठीतली शेंग तशीच. मग बोलायला लागली ती आमच्याशी नाही, चिंचेकडे बघत.

"माजं पयलं प्वार आठव्या दिशी गेलं. बाळंतपनाचा इटाळ हुता. त्येला हितं आनला, ह्याच मेजाफुडं ठेवला, पाळकानं प्रार्थना क्येली. मला आत घेतली न्हाय. सासू म्हनाली, भाईर थांब. मी त्या चिंचंखाली हुबी. अंगावरचं दूद लुगड्याला लागतंय, आन् आत माजं लेकरू. त्येचं त्वांड मी परत बघितलं न्हाय." ती थांबली. "त्याच सासूनं मागनं मला तवा दिला. म्या बी घ्येतला."

कुणीतरी हुंदका दिला. मीही पदर डोळ्याला लावला, लपवत नाही. तारव्वा मात्र रडली नाही. उठली, टरफलं झटकली आणि कुणाशी न बोलता घरी गेली. बाकीच्याही एकेक करून उठल्या. रूथ म्हणाली, "मावशी, सगळं बिघडवलं का गं मी?" 

रविवार, सुगीचा सण

उजाडायच्या सुमाराला तारव्वाने हाक मारून रूथला नेलं. परत आली तर कशाला बोलावलं होतं ते सांगेना. "जुनं माणूस आहे, बोलायचं होतं," एवढंच.

भक्ती उशिरा सुरू झाली, कारण वाटेत उसाची ट्रॉली कलंडली होती आणि पाळकसाहेब तिच्यामागे अडकले होते. आले ते बुटांना चिखल लावून, सगळ्यांची माफी मागत. मऊ स्वभावाचा माणूस वाटला. लोकांनी अर्पणं आणली होती, भात, गुळाची ढेप, संकेश्वरी मिरच्या, आणि एक पाय बांधलेला कोंबडा. उपदेश रंगात आला की नेमका हा कोंबडा आरवायचा. अख्ख्या देवळात तेवढाच एक जण साहेबांना टोकत होता.

उपदेश झाल्यावर साहेब म्हणाले, "मनात आडपडदा ठेवून मेजाजवळ येऊ नये. आधी ठरावाचं उरकू, मग प्रभुभोजन घेऊ."

शांतवन आण्णा उठले. "आपला रिवाज ठाव हाय सगळ्यांस्नी. घरटी एक हात."

घरटी एक हात म्हणजे काय ते मला तिथे बसल्या बसल्या समजलं. प्रत्येक घराचं एक मत, आणि ते घरातल्या कर्त्याने हात वर करून द्यायचं. म्हणजे उजव्या अंगाने मत द्यायचं आणि डाव्या अंगाने बघायचं. रूथचं तर घरच नव्हतं, देवळामागची खोली होती. जिच्याबद्दल ठराव, तिचा हात मोजणीतच नाही!

ठरावाच्या बाजूने उजवीकडे मोजके हात उठले. विरोधात उठले ते चांगलेच जास्त होते, आणि त्यांत आण्णांचाही होता, जमिनीकडे बघत उचललेला. तारव्वा एकटी राहणारी, म्हणजे तिचं घर तिचंच, तिला हात होता. पण तो कुठल्याच बाजूला उठला नाही. तिच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेली भाकर होती आणि दोन्ही हात त्या भाकरीवर होते.

"ठराव नामंजूर," आण्णा म्हणाले. रूथ ताठ बसून होती. मी तिचा हात धरला. मला इतका राग आला, इतका राग आला की फाईल त्या माणसाच्या डोक्यात घालावीशी वाटली. जाड होती, लागली असती.

"तारव्वा, भाकर ठिव मेजावर," आण्णा म्हणाले.

"न्हाय ठिवत."

आधी लोकांना वाटलं म्हातारीला ऐकू आलं नाही. आण्णा पुन्हा म्हणाले. ती उठून उभी राहिली.

"ऐकू आलं मला. आदी ह्ये सांग, रूथबाईचा हात भाकरीला का चालत न्हाय?"

"आता झालं न्हवं मत? शास्त्रात न्हाय म्हनून."

"शास्त्राला कशाला मदी घालतोस? इटाळ म्हन की सरळ. तुज्या आईला न्हवता व्हय इटाळ? तू काय झाडाला लागलावतास?"

बायकांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच तोंडावर पदर घेतला. आण्णा लालबुंद.

"ह्या भाकरीचं पीठ आज म्या मळल्यालं न्हाय," तारव्वा म्हणाली. आवाज चढवलाच नाही तिने. "रूथबाईनं मळलंय. माज्या घरात, माज्या सासूच्या तव्यावर तिनंच भाजलंय. आन् ती अडचनीत हाय. मला ठाव हुतं, म्हनूनच बोलवून घ्येतली. आता साहेब, तुमी सांगा. ही भाकर चालती का न्हाय?"

 भर मंडळीत, पुरुषांच्या देखत! रूथची मान खाली गेली होती. मग तिने ती हळूहळू वर केली आणि तशीच ठेवली.

पाळकसाहेबांनी तारव्वाकडे बघितलं, रूथकडे बघितलं, खांबाला बांधलेल्या उसाकडेसुद्धा बघून घेतलं. नाही म्हणायचं तर आज या गावात प्रभुभोजन नाही. हो म्हणायचं तर पुढचं सगळंच आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"चालते," ते म्हणाले.

"मग हात बी चालतोय. मत परत घ्या."

"तसं करता येत न्हाय," आण्णा म्हणाले.

"येतं," साहेब म्हणाले. "आडपडदा आता निघाला. पुन्हा घ्या."

आण्णांनी घसा खाकरला. "घरटी एकच हात," त्यांनी बजावलं, जरा जोरातच. "रूथबाईच्या बाजूनं कोन हायेत?"

उजव्या अंगाला मघाचेच मोजके हात वर जायला लागले. तेवढ्यात डाव्या अंगाला बांगड्या वाजल्या. मार्थावहिनी नातवाला काखेत घेऊन उभी राहिली होती आणि तिचा दुसरा हात वर होता, नवऱ्याच्या अगदी डोळ्यांसमोर. मग तिच्या मागची उठली. मग खिडकीजवळची. पलीकडे एक नवरा हात वर करायच्या बेतात होता. आधीच हात वर केलेल्या त्याच्या बायकोने इकडून असं बघितलं की त्याने तो हात डोकं खाजवायला वापरला.

रिवाज कुणी मोडला नाही. घरटी एकच हात होता. बाईचा होता, एवढंच.

आण्णा बायकोकडे बघतच राहिले.  रूथ रडत होती आणि मी तिच्याहून जास्त. तारव्वा फडकं सोडत मेजाकडे निघाली होती. आण्णांच्या पुढ्यात आल्यावर ती थांबली.

"बगत काय ऱ्हायलास?" ती म्हणाली. "मोज की. भाकर कवाची गार झालीया."